पसंतीक्रम

रात्री बारा वाजता यादी बंद होणार
आणि हर्णैच्या नाक्यावर दिवे दोनदा जाऊन आलेत.
माझ्या सेंटरात इन्व्हर्टर आहे, म्हणून दिवसभर रांग.
आता उरल्यात दोघी :
रुचिता चोगले, बारावी सायन्स, अठ्ठ्याहत्तर टक्के,
आणि तिची आई चांगुणा,
सुकटीची रिकामी पाटी मांडीवर उपडी घालून.

स्क्रीनवर दहा रकाने.
पहिल्यात रुचितानं टाकलंय घाटावरचं ते कॉलेज.
पुसलंय. टाकलंय.
पुन्हा पुसलंय.
दोन वर्षांपूर्वी तिथे
दोनशे बारा गुणपत्रिका विकल्या गेल्या,
उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सापडले
परीक्षा नियंत्रकाच्या मेव्हण्याच्या पोल्ट्रीत,
खाद्याच्या पोत्यांमागे.
तो फोटो अजून फिरतो.

'दादा, टाकू की नको?'

मी खिडकीवरच्या कारकुनासारखा बोलतो.
प्रयोगशाळा चांगली. फी कमी.
घोटाळा दोनशे बारा जणांचा, मुलं अकरा हजार.
शिकवणारे शिकवतातच.
शिवाय चोर एकदा पकडले गेले की
कारभार उलट जास्त चोख...
बोलता बोलता माझी पाठ भिंतीला टेकते,
जिथे पतपेढीच्या कॅलेंडरमागे
माझी चौकट आहे.
बी. एस्सी., द्वितीय श्रेणी.
तिथलीच.

हे मी सांगत नाही.
रत्नागिरीला एका मुलाखतीत साहेबांनी
माझा कागद ट्यूबलाइटसमोर धरला होता
आणि हसत विचारलं होतं, आधीचे की नंतरचे?
तेव्हापासून कॅलेंडर.
खरं सांगायचं तर पोरांनी तिथे जावं असं मला वाटतं.
ओस पडलेल्या कॉलेजची पदवी
कोणत्या तोंडानं दाखवायची?
म्हणजे या सौद्यात माझाही माल आहे.

चांगुणा मघापासून गप्प.
आता म्हणते,
'ताजं म्हावरं असतं तर कल्ला वर करून बघितला असता, भाऊ.
ही तुमची बातमी म्हंजे सुकं.
सुक्याला कल्ला नाय.
सुक्याचा वास घ्यायचा
नि कुनी वाळवलं त्ये इचारायचं.'
मग पाटी खाली ठेवून :
'ह्ये भायेर काढलं कुनी?'

तिथल्याच एका शिपायानं, मी म्हणतो.
गठ्ठे मोजायचा.
सत्तेचाळीस आले, चव्वेचाळीस गेले, तेव्हा बोलला.

'त्यो हाय का अजून तिथं?'

मी शोधतो.
आरोपींची नावं सापडतात, जामिनाच्या तारखा,
समितीचा अहवाल,
नव्या कुलगुरूंचा पुष्पगुच्छासकट फोटो.
शिपाई कुठेच नाही.
बाहेर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची
ताडपत्री फडफडतेय.
अकरा वीस.

नंबर माझ्याकडे आहे.
यशवंत खांबे.
माझं हॉलतिकीट हरवलं तेव्हा
माझ्यासाठी तीन खिडक्या फिरलेला माणूस.
बातमी आल्यापासून मी त्याला
एकदाही फोन केलेला नाही.

सहाव्या रिंगला उचलतो.
'आहे ना. परीक्षा विभागातून काढून वाचनालयात टाकलंय.
वेतनवाढ अडकवलीय.
सकाळी सातला कुलूप मीच उघडतो.
का, कोणाची पोरगी येतेय का?'

स्पीकर चालू होता. रुचितानं ऐकलं.
तिनं ते कॉलेज दुसऱ्या रकान्यात टाकलं.
पहिल्यात चिपळूणचं,
कारण तिथे वसतिगृहात ओळखीची मुलगी आहे
आणि शनिवारी घरी येता येतं.
चांगुणानं पन्नासची नोट दिली,
पावती मागितली, घडी करून ब्लाउजात ठेवली.

त्या उंबऱ्यावर चपला शोधत होत्या
आणि फोन अजून चालूच होता.
'आणि तू कोण रे?'
मी नाव सांगितलं. साल सांगितलं.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग खांबे म्हणाला,
'कुठल्या बाकावर बसायचास?'